वारं गेल्यानंतरचं विसरणं, आणि विसरण्यानंतर पुन्हा वारं?

रानजाई | ८ फेब्रुवारी, रात्री १०:४१

नमस्कार. पाच-सहा वर्षं इथे फक्त वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे, आई ६९. दोघं सांगलीला असतात. मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. २०२२च्या ऑगस्टमध्ये बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात वेळेत पोचले. हात महिन्याभरात बऱ्यापैकी परत आला, पाय जरा ओढतात, बोलणं शाबूत. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, थोडक्यात निभावलं.

त्याच दिवाळीपासून काहीतरी बिनसलं होतं, हे आता मागे वळून पाहताना कळतं. बाबांनी साखर कारखान्यात ३४ वर्षं हिशेब लिहिले. पावकी, निमकी, पाऊणकी अजून तोंडपाठ आहेत. नातवाला घडाघडा म्हणून दाखवायचे, म्हणून आम्ही खूष. डोकं शाबूत आहे म्हणायचो. पण एकदा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना ते चहा करत होते. आधारण न ठेवता रिकामंच पातेलं गॅसवर, त्यात साखर, मग बराच वेळ चमचा हातात धरून उभे. मला बघून म्हणाले, "पाणी कोण आणणार होतं?" मी हसण्यावारी नेलं. वय झालं, म्हटलं.

गेल्या नोव्हेंबरात दुसरा झटका आला. या वेळी उजवी बाजू, आणि बोलणंही गेलं. आता थोडं परत आलंय.

ते दवाखान्यात असताना मी घर आवरत होते. त्यांचा पितळी पानाचा डबा आहे. तंबाखू पहिल्या झटक्यानंतर बंद झाली, पण डबा जवळ लागायचा. उघडला तर चुन्याच्या डबीखाली गोळ्या. मोजल्या, ४१ निघाल्या. प्रेशरच्या, रक्त पातळ ठेवायच्या, कोलेस्टेरॉलच्या, सगळ्या एकत्र. काहींना कात लागून तपकिरी डाग पडलेले. आई रोज हातावर गोळी ठेवायची, पाण्याचा तांब्या द्यायची आणि कुकर बघायला आत जायची.

भाऊ तिला बोलू नये ते बोलला. तेव्हापासून ती गप्पगप्प असते.

माझा प्रश्न असा. पक्षाघातानंतर स्मृतिभ्रंश झालेल्यांना पुन्हा झटका येण्याचा धोका जास्त असतो का? असेल तर तो फक्त गोळ्या चुकतात म्हणून, की त्या विसरण्याशीच त्याचा काही संबंध असतो? मला खरं उत्तर हवंय, धीराचं नको.

सदाशिवपेठी | ८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

धीराचं नको म्हणालात म्हणून देत नाही. पण आईंना आधी फोन करा. धागा कुठे पळून जात नाही.

मोगरा_पुणे | ८ फेब्रुवारी, रात्री ११:१९

४१ वाचून पोटात तुटलं. आमच्याकडे सासूबाई देव्हाऱ्यातल्या शंखात ठेवायच्या. देवाला प्रेशर नसावं बहुतेक, कारण तो अजून व्यवस्थित आहे.

कट्ट्यावरचा_डॉक्टर | ९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

रानजाई, ओपीडीला निघायच्या आधी जमेल तेवढं लिहितो. मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, एमडी मेडिसिन आहे. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. हा प्रश्न जुना आहे. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या मंडळींनी १९९७ मध्ये नेमका हाच अभ्यास छापला होता. पक्षाघात होऊन तीन महिने झालेल्या २४२ जणांची बुद्धीची तपासणी केली आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना स्मृतिभ्रंश होता त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या अडीच-पावणेतीन पट निघालं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: फक्त गोळ्या नाहीत. निदान तीन धागे एकत्र पिळलेले असतात.

एक, रक्तवाहिन्या त्याच. वर्षानुवर्षं प्रेशर आणि साखर असली की मेंदूच्या आतल्या केसासारख्या बारीक वाहिन्या जाड आणि कडक होतात. त्यातली एखादी मोक्याच्या जागी बंद पडली तर हात-पाय लुळा पडतो, तो आपल्याला दिसतो. बाकीच्या गुपचूप बंद पडत राहतात, त्याचा झटका कुणाला कळत नाही, फक्त माणूस मंद होत जातो. म्हणजे बाबांचं चहा विसरणं हे पुढच्या झटक्याचं कारण असण्यापेक्षा, आतली पाइपलाइन किती खराब झाली आहे याची खूण असू शकतं.

दोन, हृदय. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे नाडीचा ठेका बिघडणं. त्यात हृदयात गुठळ्या होतात आणि मेंदूत जातात. हा ठेका अधूनमधून बिघडत असेल तर साध्या ईसीजीत सापडत नाही. आधी डावी बाजू, मग उजवी, म्हणजे मेंदूच्या दोन्ही बाजू. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण होल्टर (दिवसभर अंगावर लावून नाडीचा ठेका टिपणारं यंत्र) लावलं होतं का, हे विचारा.

तीन, उपचार. यात गोळ्या चुकणं आलंच, पण आमच्या बाजूचाही दोष आहे. पेशंट गोंधळलेला दिसला की आम्ही तपासण्या कमी लिहितो, "या वयात कशाला" म्हणतो. नातेवाईकही तेच म्हणतात.

४१ गोळ्यांनी काहीच झालं नाही असं म्हणणार नाही. पण सगळं त्या ४१ गोळ्यांनीच झालं, असंही कुठलाच डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हे भावाला वाचायला द्या.

गणिती_बंडू | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

डॉक्टरसाहेब, नेहमीप्रमाणे माहितीपूर्ण. पण एक काडी टाकतो. "पावणेतीन पट" ऐकून लोक घाबरतात. कशाच्या पट? शंभरातल्या ४ जणांना होणार होतं ते ११ जणांना झालं, तरी पावणेतीन पट. ४० चं ११० होऊ शकत नाही, म्हणजे पट हा प्रकारच फसवा. (४ आणि ११ हे आकडे समजावण्यापुरते, कुणी पुढे ढकलू नका.)

शिवाय २४२ माणसं म्हणजे फार नाहीत. आणि १९९७ साली आजच्यासारखी औषधं तरी होती का?

कट्ट्यावरचा_डॉक्टर | ९ फेब्रुवारी, दुपारी २:३०

बंडू, मुद्दा रास्त. ॲस्पिरिन होती, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) होती पण पक्षाघातानंतर सरसकट देण्याची पद्धत नंतर आली. तेव्हा तो पट आज तसाच्या तसा धरू नका, दिशा धरा.

आणि ही दिशा उलटीकडूनही पक्की झाली आहे. ऑक्सफर्डच्या सारा पेंडलबरी आणि पीटर रॉथवेल यांनी २००९ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ढोबळ हिशेब असा: दर दहांत एकाला पहिल्या झटक्याच्या आधीच स्मृतिभ्रंश असतो, आणखी एकाला पहिल्या झटक्यानंतर लवकरच होतो, आणि पुन्हा झटका आलेल्यांत तीनांत एकाहून जास्त जणांना. त्यांनीच २०१९ मध्ये झटक्याची तीव्रता मोजली. वर्षभरात स्मृतिभ्रंश झालेले: मोठ्या झटक्यानंतर शंभरात ३४, लहान झटक्यानंतर ८, आणि टीआयए, म्हणजे काही मिनिटांत ओसरलेल्या झटक्यानंतर ५.

म्हणजे दुसरा झटका टाळणं हाच स्मृतिभ्रंश टाळण्याचा आपल्या हातातला मोठा मार्ग. आणि स्मृतिभ्रंश असलेल्यालाच दुसरा झटका टाळणं जास्त अवघड. चक्र आहे ते.

बेळगावकर | ९ फेब्रुवारी, दुपारी ३:०२

गोळ्या चुकायला स्मृतिभ्रंशच लागतो असं कुणी सांगितलं? आमची आत्या एकदम तल्लख, भाऊबीजेला कुणी किती घातले हे वीस वर्षांमागचं सांगते. पण संकष्टीला चंद्रोदयापर्यंत गोळी नाही. एकादशीला नाही. श्रावणी सोमवारी नाही. प्रदोषाला नाही. मी कॅलेंडर घेऊन बसलो तर महिन्यातले सहा दिवस बीपी देवाच्या भरवशावर.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आत्या, ही गोळी खाणं नव्हे, हे औषध. औषधाने उपास मोडत नाही." पटलं नाही. मग भटजींनी हेच सांगितलं. लगेच पटलं.

टवाळ_तात्या | ९ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

@बेळगावकर, त्या भटजींना भारतीय वैद्यक संघटनेचं मानद सदस्यत्व द्या.

शतावरी | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:४०

ॲलोपॅथीवाले फक्त गोळ्या मोजतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, नस्य, आणि पक्षाघातावर बस्ती, याने मुळावर काम होतं. आमच्या ओळखीत एकांना लकवा झाला होता. ते एका गावी औषध घेऊन आले, तीन खेपांत चालायला लागले. त्याबरोबर बीपीची गोळी बंद करायला सांगतात.

मोगरा_पुणे | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:५२

@शतावरी, तीन खेपा म्हणजे साधारण तीन महिने. माझे सासरे कुठल्याही खेपेशिवाय फिजिओथेरपीने तेवढ्याच काळात चालायला लागले. पहिल्या तीन महिन्यांत हातपाय आपोआपच बरेच परत येतात, त्याचं श्रेय त्या वेळी जो समोर असेल तो घेतो.

ब्राह्मी जरूर द्या, वैद्यांना विचारून. पण ते शेवटचं वाक्य काढून टाका. प्रेशरची गोळी बंद केल्याचं फळ आमच्या शेजारी झालं आहे आणि मी ते पाहिलं आहे.

म्हमद्या_कोल्लापूर | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

आमच्याकडं तर आज्ज्याला कबुतराचं रगात चोळलंतं. आज्ज्या उठला न्हाई, कबूतर पण न्हाई.

सदाशिवपेठी | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३१

संपादक मंडळ, प्रतिसाद उडवू नये ही विनंती. यापेक्षा नेमकं परीक्षण होणे नाही.

वाचा | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१८

मी स्पीच थेरपिस्ट आहे. रानजाई, दुसऱ्या झटक्यात बोलणं गेलं म्हणालात म्हणून लिहिते.

उजवी बाजू आणि वाणी एकदम जाते तेव्हा बहुतेकदा मेंदूच्या डाव्या अर्ध्याला इजा झालेली असते. अशी वाणी जाण्याला अफेजिया म्हणतात. अशा माणसाला "आज वार कोणता" विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर ते त्याला माहीत नसतं असं नव्हे. शब्द सापडत नाही. घरचे आणि कधी कधी डॉक्टरही स्मृतिभ्रंश वाढला असं लिहून मोकळे होतात. माझ्याकडे एक आजोबा यायचे, 'गुरुवार' म्हणता येत नव्हतं. मी विचारलं की ते कपाळाला बोट लावून दत्ताच्या तसबिरीकडे बघायचे. वार बरोबर, शब्द नाही. त्यांना मी नापास कशी करणार?

पहिल्या झटक्यानंतरची गोष्ट मात्र वेगळी. पाढे येतात पण चहा जमत नाही, हे अगदी नमुनेदार लक्षण आहे. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशात जुनी पाठांतरं बराच काळ टिकतात, आधी जातं ते कामाची क्रमवारी लावणं, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं, वेग. म्हणून नुसतं "पंतप्रधान कोण" विचारणाऱ्या चाचणीत असा माणूस पास होतो. मॉन्ट्रियलची मोका म्हणून चाचणी आहे, २००५ पासूनची. तिच्यात घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. तिथे पितळ उघडं पडतं.

आणि एक. झटक्यानंतर नैराश्य फार जणांना येतं, जवळपास तीनांत एकाला. माणूस विचारलेल्याला उत्तर देत नाही, जेवत नाही, गोळी घेऊन खिशात टाकतो. ते नैराश्यही असू शकतं, आणि त्यावर इलाज आहे. बी-१२, थायरॉइड, सोडियम हे तपासलंय का?

रानजाई | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०३

@वाचा, सोडियम दवाखान्यात तपासलं होतं, बाकीचं माहीत नाही. मोका कधीच केली नाही. पहिल्या झटक्यानंतरच्या तिन्ही भेटी मिळून डॉक्टरांनी हात वर करा, नाकाला बोट लावा, एवढंच पाहिलं. आम्हीही काही सांगितलं नाही. काय सांगणार, पाढे पाठ आहेत म्हणून?

@कट्ट्यावरचा_डॉक्टर, होल्टर नाही लावलेलं. फाइल चाळली. एमआरआयच्या रिपोर्टात २०२२ सालीच "जुने लॅक्युनर इन्फार्क्ट" आणि "क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस" असं लिहिलेलं आहे. आम्हाला तेव्हा "वयानुसार असतं" असं सांगितलं होतं.

कट्ट्यावरचा_डॉक्टर | १० फेब्रुवारी, सकाळी ६:४०

लॅक्युनर इन्फार्क्ट म्हणजे बारीक वाहिनी बंद पडून राहिलेला डाग. त्यातल्या "जुने" या शब्दावर थांबा. म्हणजे ज्याला आपण पहिला झटका म्हणतोय त्याच्या आधीच बारीक झटके येऊन गेले होते. कुणाला कळले नाहीत. बाबांनाही नाही. पानाच्या डब्यातली पहिली गोळी त्यानंतरची.

जुनंखोड | १० फेब्रुवारी, सकाळी १०:२५

थोडा वेगळा सूर लावतो, चिडू नका. माझी आई ८८ ची. दोन झटके, स्मृतिभ्रंश, मला 'दादा' म्हणते, म्हणजे तिच्या भावाच्या नावाने. एकेकाळी रोज ११ गोळ्या होत्या. प्रेशर १२० च्या आत हवंच असा एका तज्ज्ञांचा आग्रह. पहाटे लघवीला उठली, चक्कर येऊन पडली, खुब्याचं हाड मोडलं. त्या ऑपरेशनने तिला जितकं मागे नेलं तितकं दोन झटक्यांनीही नेलं नव्हतं.

आता पाच गोळ्या. प्रेशर १४०-१४५ असतं, असू दे. डॉक्टर म्हणतात उपचार कमी होतात हा दोष. माझ्या मते जास्त होणं हाही दोष. दुसरा झटका टळावा म्हणून माणसाचा उरलेला दिवस गोळ्या गिळण्यात घालवायचा?

मोगरा_पुणे | १० फेब्रुवारी, सकाळी १०:४४

@जुनंखोड, तुमचं दुःख समजतं. पण ८८ आणि ७४ एकच नाही. ७४ ला हात टेकायचे?

जुनंखोड | १० फेब्रुवारी, सकाळी ११:००

हात टेका म्हणालो नाही. मोजून द्या म्हणालो.

कट्ट्यावरचा_डॉक्टर | १० फेब्रुवारी, दुपारी २:१५

जुनंखोडांशी बऱ्याच अंशी सहमत. वय, पडण्याचा धोका, उभं राहिल्यावर प्रेशर किती उतरतं, हे बघूनच आकडा ठरवावा. झोपून आणि उभं राहून दोन्ही वेळा मोजा. घरात हे कुणी करत नाही आणि ओपीडीतही क्वचित होतं.

पण ७४ ला प्रेशरचं महत्त्व किती याचा एक दाखला. प्रोग्रेस नावाची चाचणी झाली होती, झटका किंवा टीआयए होऊन गेलेले ६१०५ लोक, पेरिंडोप्रिल आणि गरजेप्रमाणे इंडापामाइड या प्रेशरच्या गोळ्या. वरचं प्रेशर सरासरी फक्त ९ ने उतरलं. तेवढ्याने पुढचे झटके २८ टक्क्यांनी कमी झाले. आणि या धाग्यासाठी महत्त्वाचं: "झटका येऊन त्यासोबत स्मृतिभ्रंश" हा प्रकार तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला. ज्यांना पुन्हा झटका आलाच नाही त्यांच्या स्मृतिभ्रंशात मात्र खास फरक दिसला नाही. म्हणजे गोळी थेट स्मरणशक्ती वाढवत नाही. झटका अडवते आणि त्याच्यामागून येणारं विसरणं अडवते.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर बंडू पकडेल. आपल्याकडे स्प्रिंट इंडिया नावाची मोठी चाचणी झाली, लुधियानाच्या डॉ. जयराज पांडियन यांच्या नेतृत्वाखाली, ३१ केंद्रं, १२ भाषा, चार हजारांहून जास्त रुग्ण. एसएमएस, व्हिडिओ, एक वही, असं शिक्षण देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला. गोळ्या घेणं सुधारलं, दारू-तंबाखू कमी झाली, पण वर्षभरात झटके काही कमी झाले नाहीत.

गणिती_बंडू | १० फेब्रुवारी, दुपारी २:५०

पकडणारच होतो. स्मृतिभ्रंश असलेल्याला एसएमएस पाठवून काय होणार हा प्रश्न मी तरी विचारणार नाही. बहुधा तो वाचणाऱ्या सुनेलाच फायदा होईल.

मुसीकाठचा | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

अवांतर. मी हैदराबादचा मराठी, तीन पिढ्या इथेच. इथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी पक्षाघात झालेल्या ६०८ जणांचा अभ्यास केला होता, २०१६ ला छापून आला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४० टक्के जणांची बुद्धी झटक्यानंतरही शाबूत होती, एकच भाषा बोलणाऱ्यांत फक्त २० टक्के. म्हणजे भाषांची ये-जा करताना मेंदूला जो व्यायाम होतो तो उपयोगी पडत असावा. झटका टळत नाही, पण बसलेला मार सोसतो. गंमत म्हणजे वाणी जाण्याचं प्रमाण दोघांत सारखंच.

आमची आजी मराठीत भांडायची, तेलुगूत भाजी घ्यायची आणि दख्खनी उर्दूत शिव्या द्यायची. वयाच्या ९१ व्या वर्षी शेवटची भाषा सगळ्यात शाबूत होती.

टवाळ_तात्या | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४१

उद्यापासून कन्नड शिकतोय. @बेळगावकर, रागावू नका, वैद्यकीय कारण आहे.

बेळगावकर | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४४

'बरं' असं कन्नड लिपीत लिहिणार होतो, पण इथे देवनागरीतच लिहायचा नियम. सरी, सरी.

ओव्हरसीज_मावशी | ११ फेब्रुवारी, पहाटे ४:१०

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे माझ्या मिस्टरांसाठी कुलपाचं गोळ्यांचं यंत्र आहे. वेळ झाली की किंचाळतं, उलटं केलं की त्या वेळेच्याच गोळ्या पडतात. नाही घेतल्या तर मुलाला फोनवर मेसेज जातो. तिथेही मिळत असेल.

पण खरं सांगू? यंत्र गोळी तळहातापर्यंत आणतं. तोंडात गेली का, हे बघायला कुणीतरी समोर बसावंच लागतं. ह्यांनी दोनदा गोळ्या कुंडीत पेरल्या आहेत.

मोगरा_पुणे | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:००

आम्ही देशी पद्धत वापरतो. रविवारी दुपारी आठवड्याच्या पुड्या बांधायच्या, सकाळच्या पिवळ्या कागदात, रात्रीच्या निळ्या. स्ट्रिप हाताशी ठेवायच्याच नाहीत, कारण न घेण्याइतकाच दोनदा घेण्याचाही धोका आहे. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने घरात असतं ते तर आणखी वाईट. आणि तोंडाकडे बघत दोन घोट पाणी होईपर्यंत तिथून हलायचं नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या होवोत.

दातवाल्यांचंही सांगते. सासऱ्यांची दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद केली होती. दाढ निघाली. गोळी परत सुरू करायचं कुणीच सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दीड महिन्याने लक्षात आलं.

वकीलबाबू | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३५

अवांतर, पण पुढे उपयोगी पडेल. रानजाई, बाबांना समजतंय तोवर बँकेतली खाती 'दोघांपैकी कोणीही' अशी करून घ्या, नामांकन तपासा. मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, हा गैरसमज आहे. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणारा माणूस मानसिकदृष्ट्या सक्षम राहिला नाही की मुखत्यारपत्र संपतं. नेमकं गरज पडते तेव्हाच. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या.

सदाशिवपेठी | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:५०

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचंही आताच बघा. सही बदलली की बँकेत माणूस समोर उभा असून तो हयात असल्याचं सिद्ध करावं लागतं. स्वानुभव. स्मृतिभ्रंश तेव्हा मला झाला होता की त्यांना, हे अजून ठरायचंय.

रानजाई | ३ मार्च, रात्री ९:२६

तीन आठवडे गायब होते, सांगलीला होते. जे झालं ते लिहिते.

होल्टर झालं, तीन दिवसांचं. ठेका नीट आहे, गुठळीवालं काही सापडलं नाही. नव्या एमआरआयमध्ये बारीक वाहिन्यांचे आणखी डाग, आणि दोन सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके. त्यामुळे रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांऐवजी एकच ठेवली आहे. बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. प्रेशर झोपून आणि उभं राहून मोजतो, १५ पेक्षा जास्त उतरत नाही. आकडा १३० च्या आसपास ठेवू म्हणालेत.

मोका बोलणं थोडं सुधारल्यावर करणार आहेत. घड्याळ मात्र काढायला दिलं. बाबांनी गोल सुरेख काढला, मग बारा ते सहा सगळे आकडे उजव्या बाजूला एकाखाली एक लिहिले, खतावणीतल्या रकमांसारखे. आणि खाली रेघ मारून बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

न्यूरॉलॉजिस्ट बाईंना मी सरळ विचारलं, दुसरा झटका गोळ्यांमुळे का? त्यांनी दोन्ही एमआरआय शेजारी लावले आणि आईला जवळ बोलावलं. म्हणाल्या, हे डाग पहिल्या झटक्याच्या आधीचे. हे त्यानंतरचे. यातला कुठला गोळीने अडला असता ते मला सांगता येणार नाही, आणि तुमच्या मुलालाही सांगता येणार नाही. भाऊ फोनवर होता. तो काही बोलला नाही.

आई परतताना रिक्षात एवढंच म्हणाली, "मग गोळ्या परत मीच देऊ ना?" गेले तीन महिने सकाळी शेजारच्या वहिनी येऊन देत होत्या. ते कुणी ठरवलं होतं मला माहीत नव्हतं. भावाने.

मोगरा_पुणे | ३ मार्च, रात्री ९:४०

देऊ दे त्यांना. कुकर तुम्ही बंद करा.

जुनंखोड | ३ मार्च, रात्री १०:०२

बेरीज किती आली?

रानजाई | ३ मार्च, रात्री १०:१५

@जुनंखोड, ६३. बारा, अकरा, दहा, नऊ, आठ, सात, सहा. मी नंतर घरी करून पाहिली.

पानाचा डबा घासून परत दिलाय. हल्ली त्यात बडीशेप असते. आई रोज संध्याकाळी चुन्याची डबी उचलून खाली बघते, बाबा तिच्याकडे बघतात.

टवाळ_तात्या | ३ मार्च, रात्री १०:१९

बाबांना आमच्या सोसायटीचा हिशेब पाठवू का? तीन वर्षं जुळत नाहीये.